एका वेळी चौघांनीच

"भंडाऱ्याला? ते कशाला?" पुण्यात मला ज्याने त्याने हेच विचारलं. केरळला चाललेल्या माणसाला कोणी 'कशाला' विचारत नाही. भंडाऱ्याला जाणाऱ्याचं मात्र तिकडे सासर तरी असावं लागतं, नाहीतर कोर्टाची तारीख तरी. माझं दोन्ही नव्हतं. माझी होती एक संघटना.

विमानं, रॉकेटं, दारूगोळा अशा तंत्रज्ञानात काम करणाऱ्या माणसांची ही व्यावसायिक संघटना, आणि मी तिची मानद सचिव. विमानाच्या पंखावर वारा सोडायचा आणि तो किती वाकतो ते बघायचं, यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर घरी बसायला हवं होतं, पण मला बसताच येत नाही. चहा निवेपर्यंत धीर धरवत नाही, म्हणून जीभ कायम पोळलेली. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. माझा नवरा श्रीकांत म्हणतो, पायाला कसली, ही आख्खीच भिंगरी आहे.

आमच्या संघटनेच्या बैठका मोठ्या शहरांत, मोठ्या हॉटेलांत होतात. गळ्यात ओळखपत्राचे पट्टे अडकवून तीच माणसं त्याच माणसांना भाषणं देतात आणि जेवणाच्या रांगेत एकमेकांच्या भाषणाचं कौतुक करतात. अशाच एका रांगेत मला रूपेश भुरे भेटले होते. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात अधिकारी. हातात पापड धरून ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे वरच्याले सांगता येते, खालच्याले सांगता येते. बाजूच्याशी बोलाले जागाच नाई." ते वाक्य काट्यासारखं रुतलं. मी कार्यकारिणीच्या मागे लागले, की भंडाऱ्याला शाखा काढू. मंडळी कंटाळून म्हणाली, काढा, पण याच हिवाळ्यात. पहिल्या बैठकीला माणसं आली पाहिजेत आणि शाखेचा सचिव तिथलाच मिळाला पाहिजे. नाहीतर हा विषय पुन्हा निघणार नाही. माझीही मुदत संपत आली होती, आणि माझ्यानंतर येणाऱ्या गृहस्थांना नकाशावर बंगळूर आणि हैदराबाद सोडून काही दिसत नाही. म्हणजे आत्ता जमलं तर जमलं. खरं सांगते, इतकी वर्षं टाळ्या खूप ऐकल्या होत्या, निघताना मागे काहीतरी उभं राहावं असं मनापासून वाटत होतं.

नेमकी बैठकीच्या रविवारीच सांगलीला श्रीकांतच्या बहिणीची वास्तुशांत आली. "सांगलीला यायला तुला वेळ नाही, भंडाऱ्याला जायला आहे," तो म्हणाला. मीही काहीतरी टोचून बोलले. त्यावर तो बोलणार, तेवढ्यात खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. भांडण अर्धं टाकून मी निघाले.

भंडारा

रेल्वेच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की मी झोपले नाही आणि समोरच्या बाकावरच्या कुटुंबालाही फारसं झोपू दिलं नाही.

भंडाऱ्याजवळच्या वरठीच्या स्टेशनावर भुरे घ्यायला आले होते. त्यांची पहिली खोड तिथेच दिसली. माणूस घाईने चालतच नाही. मी बॅग घेऊन जिन्यापाशी पोचले, तेव्हा ते अजून फलाटाच्या मध्यावर, देवळात प्रदक्षिणा घालावी तसे शांतपणे येत होते. तर्री-पोह्यांच्या गाडीवरही तेच. माझी प्लेट संपून नाकातून पाणी वाहायला लागलं, तरी त्यांचं लिंबू पिळणं चाललेलं.

भंडारा हे पितळेचं गाव. दीपप्रज्वलनाला पुण्याहून समई कशाला न्यायची, भंडाऱ्याचीच घेऊ, असं मी ठरवलं होतं. दुकानात शिरताशिरताच म्हटलं, "ती द्या."

दुकानदार वयस्कर होते. ते म्हणाले, "अशी उभ्याउभ्या नाई घेत जी समई. बसा." मग त्यांनी एकेक समई फरशीवर ठेवून बोटाने हळूच ढकलून दाखवली. कोणती डुलते, कोणती लगेच स्थिर होते. आमच्याकडे लक्ष्मी रोडवर एवढ्या वेळात लग्नाचा सगळा बस्ता झाला असता. शेवटी मी पहिल्यांदा बोट दाखवलेलीच घेतली, पण तिच्या बुडाला काय बघायचं असतं तेवढं कळलं.

भुरे समई उचलायला पुढे झाले. उचलण्याआधी त्यांनी दुकानाच्या लोखंडी शटरला तळहात लावला, क्षणभर ठेवला, मग समई घेतली. मला वाटलं, असेल काही श्रद्धा. लॉजवर आल्यावर आणखी एक गंमत पाहिली. दारात ते थबकले, आत कोण कोण बसलंय ते बघत ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले आणि मगच आत आले. पुण्यात मी अशा माणसाला डॉक्टरचा पत्ता दिला असता.

"लोक येतील ना हो रविवारी?" मी विचारलं.

"येतीन ना जी."

"आणि सचिव?"

"त्याचं असं आहे मॅडम," भुरे म्हणाले, "मेश्रामताई हो म्हणल्या तर सारे येतीन. त्या नाई म्हणल्या तर माझी बायकोबी येणार नाई."

सुनंदाताई मेश्राम कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या होत्या. कारखान्यातली अर्धी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली. आता त्या तुमसरच्या पलीकडे नाकाडोंगरीला राहत होत्या. फोनवर बोलायला त्यांनी साफ नकार दिला होता. "यायचं असंन तर घरी या," एवढाच निरोप. मी म्हटलं, उद्या कशाला, आत्ताच निघू. भुरे म्हणाले, उद्याच निघू.

नाकाडोंगरी

तुमसर सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले दिसतात. गोल, नीटनेटके, आणि आपलं घर राखत असल्यासारखे. धान निघालेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये, लाखोरीच्या डाळीचा हिरवा पाला उगवून आला होता. आमच्याकडे गाव विचारलं तर माणूस हायवेपासूनचं अंतर सांगतो. इथे वाट विचारली तर तळं सांगतात. तळ्याच्या पाळीवरून जा, मग बोडी लागंन, मग मोहाचं झाड. बोडी म्हणजे धाकटं तळं. पुढे जंगल दाट होत गेलं. मी गाडीत बसून पाय हलवत होते, आणि माझ्या पायाबरोबर समईचं खोकं वाजत होतं.

सुनंदाताई अंगणात उन्हात बसून पोपटाच्या शेंगा निवडत होत्या. पोपट म्हणजे इकडचे वाल. ठेंगणी, सुती नऊवारी नव्हे, सुतीच पण गोल पातळ नेसलेली बाई, डोळे फार स्थिर. आम्ही दारातून आत आलो तशी त्यांची नजर आमच्यावरून फिरली आणि ओठ हलले. भुऱ्यांसारखेच. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी फुलं.

जेवायला भात, वांगं घातलेल्या पोपटाच्या शेंगांची भाजी आणि लाखोरीच्या डाळीचे वडे होते. वडे इतके सुंदर होते की मी विषयच विसरले. तो त्यांनीच काढला.

"शाखा काढून काय करान?"

मी धडाधडा सांगितलं. व्याख्यानं, नियतकालिक, कार्यशाळा, ज्येष्ठांचा सत्कार.

"म्हणजे शाल-नारळ."

"तसं नाही हो ताई."

"तसंच रायते जी. मले रिटायर होतानी इतक्या शाली भेटल्या. थंडी तं एकच आहे." त्यांनी माझ्या पानात आणखी एक वडा टाकला. "आन मी बोलू काय? सारा जनम न बोलण्यात गेला. मी कोणत्या खोलीत काम करत होती, हे माझ्या घरधन्यालेबी ठाऊक नोहोतं. विचारे तो. मी म्हणे, वांगी आणलीस काय? तसाच गेला बिचारा, न समजता. आता तुमी म्हणता माइक घ्या."

अशा वेळी गप्प बसावं, पण मी नेमकी अशाच वेळी जास्त बोलते. कार्यकारिणी, मुदत, हैदराबाद, सगळं त्यांच्यापुढे ओतलं. त्या ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "कायले इतकी घाई करून राहिल्या मॅडम? भात निवून राहिला."

होही नाही आणि नाहीही नाही. एवढंच पदरात घेऊन मी हात धुतले. त्यात भुऱ्यांची गाडी सुरू होईना. बॅटरीने मान टाकली होती. रविवारच्या बैठकीसाठी शाळेची खोली मिळणार होती, तिची किल्ली मला त्याच संध्याकाळी भंडाऱ्यात मुख्याध्यापकांकडून घ्यायची होती, आणि ते नंतर बाहेरगावी जाणार होते. मी अंगणात येरझारा घालायला लागले. भुरे गाडीपाशी थांबणार असं ठरलं. सुनंदाताई म्हणाल्या, "चिखल्याहून खाणीची पाळी सुटली की जीप तुमसरले जाते. मलेबी भावाकडे जाचंच आहे. चला, पोचवून देतो तुमाले."

चिखला

गावातल्या एका रिक्षाने आम्ही दोघी चिखल्याला पोचलो. तिथे मॅंगनीजची भूमिगत खाण आहे. रस्ता, झाडांची पानं, चहाच्या टपरीचा पत्रा, सगळ्यावर काळसर धूळ. सुनंदाताईंचा भाऊ खाणीच्या वसाहतीत राहतो, आणि त्या स्वतः तिथेच वाढलेल्या, वडील जमिनीखाली कामाला. फाटकाबाहेर जीप उभी होती. पाळी सुटून माणसं बाहेर येत होती आणि डोक्यावरचं हेल्मेट काढून जीपमध्ये बसत होती. मला पुढची जागा मिळाली. जीप भरली. ड्रायव्हर देवचंद स्टिअरिंगवर हात ठेवून बसला आणि बसूनच राहिला.

"आता काय?" मी विचारलं.

"परतेकी नाई आला वर."

"मागून दुसरी जीप असेल ना?"

"असंन ना जी. भेटंन त्याले."

"मग?"

"मंग आमी त्याले वर आलेला पाह्यलं नाई ना," देवचंद म्हणाला. एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं. "त्याले पाह्यल्याबिगर आमची पाळी सुटलीच नाई."

मी खाली उतरले. जीपला फेऱ्या मारल्या. घड्याळ पाहिलं, मुख्याध्यापकांना फोन लावला, तो लागेना. पुन्हा बसले, पुन्हा उतरले. जीपमधली माणसं दमलेली, पोटात भूक असणारच, घरी बायका वाट बघत असणार. एकानेही 'च्' केलं नाही. सुनंदाताई टपरीच्या बाकावर निवांत बसून माझ्याकडे बघत होत्या. मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला होता. त्यांच्या शांतपणाचा जास्त.

शेवटी परतेकी आला. खांद्यावर टॉवेल, तोंडावर हसू. तो कधीचाच वर येऊन आतल्या उपाहारगृहात चहा पीत बसला होता! मी वाट बघत होते की आता त्याची खरडपट्टी निघेल. मागून कोणीतरी फक्त विचारलं, "आला?" तो म्हणाला, "आलो." आणि जीप सुरू झाली.

सुनंदाताई खिडकीशी आल्या. "आता कसं मोकळं वाटते," त्या म्हणाल्या. मला मुळीच मोकळं वाटत नव्हतं, आणि ते त्यांना दिसत असावं. "रविवारी येईन मी पाहाले. हो नाई म्हटलं अजून. पाहाले येईन."

तुमसरहून बसने भंडाऱ्याला पोचले, तोवर मुख्याध्यापक गेले होते. किल्ली मात्र शेजारच्या किराणा दुकानात ठेवून गेले होते. एवढी धडपड करून मी वाचवायला निघाले होते ते तसंही वाचलंच होतं.

जवाहरनगर

रविवारी कारखान्याच्या वसाहतीत सकाळ फार सुरेख असते. रांगेने क्वार्टर्स, प्रत्येकापुढे तुळस नाहीतर शेवगा, वाळत घातलेले सुती कपडे. कारखान्याच्या बसेस एका बाजूला गप्प उभ्या. शाळा वसाहतीपासून थोड्या अंतरावर, लगतच्या गावात होती. कारखान्याच्या आत बैठक घेणं शक्य नव्हतं. तिथे फाटकावर फोन काढून ठेवावा लागतो, आणि मी नाही ते प्रश्न विचारते म्हणून बहुधा मलाच काढून ठेवलं असतं.

मी सगळ्यांच्या आधी पोचले. कुलूप काढलं, खुर्च्या मांडल्या, सरकवल्या, परत मांडल्या. खोलीच्या खिडक्या बंदच होत्या, उघडायला गेले तर कडी गंजलेली. टेबलावर समई ठेवली, तेल ओतलं, वाती घातल्या. दोन वयस्कर गृहस्थ आणि एक तरुण इंजिनियर मुलगी आली. नमस्कार करून तिघं लांब लांब बसली. भुरे चहाचं सांगायला गेले.

बैठकीची वेळ झाली. आत आम्ही तेवढेच, मी आणि ते तिघे. दारात जाऊन पाहिलं, फाटकापर्यंत रस्ता रिकामा. पुन्हा आत येऊन बसले. पुन्हा दारात. सुनंदाताईंचाही पत्ता नाही.

"बाकीचे?" मी त्यातल्या एका गृहस्थांना विचारलं.

"आहेत ना जी," ते अगदी समाधानाने म्हणाले.

मला वाटलं, बिचारे माझं मन राखताहेत. आणखी वेळ गेला. भुरेही परतले नाहीत. मला काय वाटत होतं ते सांगते. लाज वाटत होती. पुण्यातल्या मंडळींचे चेहरे दिसत होते, 'आम्ही म्हटलं नव्हतं का' असे. त्या पापडवाल्या वाक्यासाठी मी इतकी धावले, आणि खरंतर इथे कोणाला ते नकोच होतं. सांगलीला आत्ता पूजा सुरू झाली असेल, श्रीकांत पाहुण्यांत एकटाच बसला असेल. डोळ्यांत पाणी आलं. ते तिघांना दिसू नये म्हणून मी समई उचलली, तेल पुसून खोक्यात घातली, आणि भुऱ्यांना शोधून हा प्रकार संपवावा म्हणून तरातरा बाहेर पडले.

शाळेच्या कोपऱ्यावरून वळले आणि जागच्या जागी उभी राहिले.

कोपऱ्यापलीकडे, दारातून न दिसणाऱ्या बाजूला, आंब्याचं मोठं झाड होतं. त्याच्या खाली, पाराभोवती, कुंपणाच्या उन्हात माणसंच माणसं बसली होती. मागल्या फाटकाने आलेली. इस्त्रीचे शर्ट, सुती साड्या, हातात चहाचे कप. भुरे किटली घेऊन चहा ओतत होते. आणि पारावर, सगळ्यांच्या मधोमध, सुनंदाताई.

"तुम्ही सगळे इथे?" मी ओरडलेच. "आत का नाही आलात?"

सगळ्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. भुरे म्हणाले, "आत चार झाले ना मॅडम."

"चार म्हणजे?"

त्यांनी शाळेच्या दाराकडे हात केला. मी मागे जाऊन पाहिलं. माझं सकाळपासून दहादा येणंजाणं झालेल्या त्या दारावर एक मळका छापील कागद चिकटवलेला होता. कुठल्यातरी निवडणुकीचा, शाळेत मतदान केंद्र होतं तेव्हाचा. ठळक अक्षरात लिहिलं होतं: एका वेळी चौघांनीच आत यावे.

मला हसावं की रडावं कळेना. सुनंदाताईंनी मला पारावर शेजारी बसवलं. "आमच्या कारखान्यात हरेक खोलीच्या दारावर आकडा रायते," त्या म्हणाल्या. "आत इतकीच माणसं. का तं, काही झालं तं तितकीच जातीन. एकबी जास्त नाई. मंग आयुष्यभर कोणत्याबी दारात पाय ठेवाच्या आधी आमी मोजतो. लग्नाच्या हॉलातबी मोजतो, देवळातबी."

"पण हा तर मतदानाचा कागद आहे!"

"समजलं ना. तुमची पाठ होती तवा दाराशी येऊन वाचला, तवाच समजलं. पण पाय उचलंना." त्या हसल्या, आणि मग सगळं झाड हसायला लागलं. "या भुरेले म्हटलं, तू तं जा आत. तो म्हणे, मी पाचवा होतो."

मी तिरीमिरीत उठले, तो कागद फाडायला. सुनंदाताईंनी मनगट धरलं. "ज्यानं लावला त्यालेच काढू द्या. दुसऱ्याच्या हातचा आकडा आपण काढत नसतो. इथंच बसू. झाडाले दार नाई."

आतल्या तिघांना बाहेर बोलावलं. आमच्या संघटनेच्या रिवाजाप्रमाणे मी परिचयाची फेरी सुरू केली. नाव सांगा, पद सांगा, कशावर काम करता ते सांगा. पहिल्याने नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि थांबला. दुसऱ्या बाईंनी नाव सांगितलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. तिसऱ्याने नुसतं "मीबी तिकडंच" म्हटलं. फेरी आंब्याच्या बुंध्याशी येऊन अडली. ही माणसं काय करतात ते सांगू शकत नव्हती, आणि माझ्या सगळ्या संघटनेला दुसरं काही विचारताच येत नव्हतं. माझा पाय पुन्हा हलायला लागला.

मग सुनंदाताई बोलल्या. आवाज न चढवता. "काय करता ते नका सांगू. काय करत नाई ते सांगा."

मग एक बाई म्हणाल्या, "मी नायलॉनची साडी नेसत नाई. पोरीच्या लग्नातबी सुतीच नेसली. व्याही म्हणत, कंजूस आहेत." सगळे हसले. नायलॉन घासलं की ठिणगी पडते, हे तिथे कोणाला सांगायची गरज नव्हती. मला भुऱ्यांनी हळूच सांगितलं. दुसरे एक म्हणाले, "मी घरी गेल्यावर नातवाले लगेच उचलत नाई. आधी दाराच्या लोखंडी कडीले हात लावतो, अंगातली वीज उतरवतो, मंग उचलतो. आता तोच म्हणते, आबा, कडी." शटरवरचा भुऱ्यांचा तळहात मला आठवला. भुरे म्हणाले, "मी पळत नाई. गाडी सुटली तं सुटली." "ते मला माहीत आहे," मी म्हटलं, आणि पुन्हा हशा झाला.

लोक भराभर बोलायला लागले. एकाचं ऐकून दुसऱ्याला आठवत होतं. वेगवेगळ्या विभागांतली, वर्षानुवर्षं एकाच बसने येणारी माणसं, आणि एकमेकांच्या या सवयी त्यांना आज कळत होत्या. मग सकाळी खोलीत बसलेले ते गृहस्थ, 'आहेत ना जी' म्हणणारे, उठून उभे राहिले.

"मी घरून भांडून ड्युटीवर जात नाई," ते म्हणाले. "भांडण अर्धं असलं तं आधी पुरं करतो. बस गेली तरी चालते." आणि बसले.

कोणी हसलं नाही. मला टॅक्सीच्या हॉर्नचा आवाज आठवला.

थोड्या वेळाने सुनंदाताई म्हणाल्या, "हे बाजूच्याशी बोलणं होय ना रे भुरे?" मग माझ्याकडे वळल्या. "सचिव म्हणून माझं नाव टाका. पण शाल-नारळ नाई आणाचा."

मी इतकी हरखले की समई पुन्हा खोक्यातून काढली, पारावर ठेवली, वाती सारख्या केल्या आणि म्हटलं, "चला, दीपप्रज्वलन! काडेपेटी कोणाकडे आहे?"

कोणीच हललं नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणाच्या खिशात काडेपेटी नव्हती, लायटर नव्हता. खिसा चाचपूनसुद्धा कोणी पाहिला नाही. एवढ्या माणसांत ठिणगी म्हणून कुठे नव्हती, आणि पुण्याहून आलेल्या मी वाती आणल्या, तेल आणलं, काडेपेटी मात्र 'कोणाकडे तरी असेलच' म्हणून सोडली होती.

"टपरीवरून आणते," म्हणून मी पळायलाच लागले.

"पळू नका!" एकदम पाच-सहा जण ओरडले. मी थिजले.

सुनंदाताई म्हणाल्या, "बसा, ताई." पहिल्यांदाच त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही. "आमच्याकडं दिवसभर कुठं काही पेटलं नाई, तं त्या दिवसाले चांगला दिवस म्हणतात. समई तशीच राहू द्या."

मी बसले. तेलात भिजलेल्या, न पेटलेल्या वाती उन्हात चमकत होत्या. पुढे किती वेळ बैठक चालली मला सांगता येणार नाही, घड्याळ पाहिलं नाही. चहा दुसऱ्यांदा आला, आणि तो मी निवल्यावर प्यायले.

पुणे

समई नाकाडोंगरीला राहिली. मी परत आले. टॅक्सीतून उतरले, जिना चढले, आणि श्रीकांतने दार उघडल्यावर बॅग खाली ठेवायच्या आधी म्हटलं, "सांगलीला मी यायला हवं होतं. आता तुझं काय राहिलं होतं ते बोल."

तो गोंधळला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एवढं काही नव्हतं गं," तो म्हणाला. मग दारात उभ्याउभ्याच, बरंच काही होतं ते बोलला. मी मध्ये बोलले नाही. बोलून झाल्यावर त्यानेच बॅग उचलून आत नेली.

तेवढ्यात फोन वाजला. सुनंदाताईंचा. फोनवर बोलायला नको म्हणणाऱ्या बाईंचा.

"पोचल्या काय?"

"हो, आत्ताच. का हो, काही राहिलं का?"

"नाई जी. सारे आपापल्या घरी पोचल्याचं काल विचारून झालं. तुमीच राहिल्या होत्या." पलीकडे शेंगा निवडल्याचा आवाज येत होता. "आता सुटली बैठक."